मुंबई–गोवा शिडाच्या बोटीने: औषधांच्या पेटीआधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न मी असा समजले: जानेवारीत तुम्ही चौघे मित्र ३४ फुटी शिडाची यॉट मुंबईहून गोव्याला नेणार, वाटेत न थांबता. दोघांना शिडं हाताळायची सवय आहे, दोघे रात्रीच्या समुद्रावर पहिल्यांदाच जाणार. एकाचं वय ५८ आणि त्याला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. बोटीवर डॉक्टर कोणी नाही, म्हणून औषधांच्या पेटीत काय काय घ्यावं याची यादी हवी आहे.

यादी खाली देतेच. पण पेटी हा तुमच्या प्रश्नाचा लहानसा भाग आहे. कोकण किनाऱ्यावर मी २२ वर्षं दवाखाना चालवते. मासेमारी बोटींवरचे खलाशी माझे नेहमीचे रुग्ण, आणि हिवाळ्यात जमेल तेव्हा मी स्वतः मित्रमंडळींच्या शिडाच्या बोटींवर जाते. समुद्रावर खरोखर अडचणीत आलेली जी माणसं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात मोठ्या अपघाताने झालेली नव्हती. सुरुवात झाली होती उलटीने, न प्यायलेल्या पाण्याने आणि न झालेल्या झोपेने. अपघात त्यानंतर झाला.

आधी अंतर लक्षात घ्या. मुंबई ते गोव्यातलं मुरगाव बंदर समुद्रातून साधारण २२५ सागरी मैल. सरासरी ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल) वेग मिळाला तर ४५ तास. रात्री डाव्या हाताला किनाऱ्यावरचे दिवे दिसत राहतात, त्यामुळे मदत जवळ आहे असं वाटतं. ती तशी नसते. तुम्ही १२ मैल बाहेर असाल तर बंदराच्या तोंडाशी यायलाच अडीच तास लागतात. अनोळखी खाडीत अंधारात शिरणं धोक्याचं, भरती-ओहोटी बघावी लागते, मग जेटी, जेटीवर १०८ ची अँब्युलन्स, आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय तिथून आणखी तास-दीड तास. मी नेहमी ६ तास धरते. तेव्हा खरा प्रश्न हा, की पहिले ६ तास चौघांतला कोण काय करणार, आणि ते ६ तास यायचीच वेळ कशी टाळणार.

टाळण्याचं काम बोट लागण्यापासून सुरू होतं. आगबोटींच्या काळापासून कोकणातल्या घराघरांत हा शब्द आहे आणि ‘होतं थोडं, जातं’ असं आपण म्हणतो. आगबोटीवर बोट लागलेला माणूस नुसता प्रवासी होता, आडवा पडला तरी बोट चालत होती. तुमच्या बोटीवर चौघांतले दोघे आडवे झाले, तर उरलेल्या दोघांनाच रात्रंदिवस बोट हाकायची आहे. म्हणून दोन्ही नवख्यांना बोट लागणारच असं धरून तयारी करा.

गोळी उलटी सुरू होण्याआधी पोटात जायला हवी. एकदा मळमळ चढली की पोट औषध पुढे ढकलत नाही, आणि बाहेर फेकतं ते वेगळंच. आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी तास-दोन तास एक, अशी पद्धत मला मानवली आहे. मात्रा आणि पुढचं अंतर तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. सिनारिझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन ही नेहमीची औषधं. घाटातल्या एसटीसाठी आपण घेतो ती ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिनच. कोणतं कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि झोप प्रत्येकाला वेगवेगळी येते. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी गोळी घरी घेऊन बघा. जो दुपारभर पेंगला त्याला ती घेऊन रात्रीच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, बसवू नका. आणखी एक: उलटी म्हटली की आपल्याकडे हमखास ऑन्डनसेट्रॉन दिली जाते. पोट बिघडलं असेल तर ती चांगली, पण बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिच्या भरवशावर निघू नका.

औषधाइतकंच काम बाकीच्या गोष्टी करतात. ज्याला मळमळायला लागलंय त्याला सुकाणू द्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. कित्येकदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर बोटीच्या मध्यभागी, खाली, डोळे मिटून पूर्ण आडवं व्हायचं. केबिनमध्ये अर्धवट बसून फोनमध्ये बघणं सगळ्यात वाईट. डिझेलचा वास आणि गॅसजवळचं काम नवख्यांना पहिल्या दिवशी देऊ नका. कुरमुरे, कोरडी बिस्किटं, आलेपाक जवळ ठेवा. आदल्या रात्री दारू नको, कोणालाच.

आणि बादली ठेवा. हे मी कळकळीने सांगते, कारण उलटी आली की माणूस उठून कठड्याकडे धावतो, पुढे वाकतो, हात थरथरत असतात आणि हार्नेस, म्हणजे बोटीला बांधून ठेवणारा पट्टा, अडकवलेला नसतो. रात्री तो पाण्यात पडला तर सापडणं फार कठीण. उलटी बादलीतच करायची आणि वर यायचं तर हार्नेस अडकवूनच, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर बोला. पुरुषांनी कठड्याशी उभं राहून लघवी करणंही बंद. आतल्या संडासात, बसून. कोणी हसलं तरी हा नियम सोडू नका.

ओकणाऱ्याला पाणी द्यायची पद्धत आहे. पेलाभर एकदम दिलं की ते बाहेर येतं. दर ५ मिनिटांनी दोन घोट, घड्याळ लावून, आणि ते द्यायला एक माणूस नेमलेला. ओआरएसचं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. अर्ध्या पाण्यात दाट करून देऊ नका. पाकिटं संपली तर १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं हा त्याला पर्याय नाही. लघवीवर लक्ष ठेवा: ८ तास झालीच नाही, किंवा झाली ती गडद पिवळी आणि थोडीशी, तर तो माणूस कोरडा पडतोय. १२ तास पोटात काहीच टिकलं नाही तर मी बोट बंदराकडे वळवते. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा, आणि दोन दिवसांच्या प्रवासाला चार दिवसांचं घ्या.

आता तुमचे ५८ वर्षांचे मित्र. त्यांनी येऊ नये असं मी म्हणणार नाही. रक्तदाब आटोक्यात असलेली, रोज चालणारी माणसं तिशीतल्या सुटलेल्या मुलांपेक्षा बोटीवर जास्त टिकतात. पण त्यांच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिलेली नाहीत, आणि इथे बरंच काही त्यावर अवलंबून आहे. टेल्मीसार्टनसारखी गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारं औषध चालू असेल, अंगातलं पाणी उलट्यांनी गेलं असेल, आणि पाठ दुखते म्हणून कोणीतरी कॉम्बिफ्लॅम दिली, तर या तिन्हींचा ताण एकाच वेळी मूत्रपिंडावर येतो. रक्तदाब एकदम उतरतो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं, हे घरोघरी ती वापरणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं. बोटीवर दुखण्यासाठी साधं पॅरासिटामॉल ठेवा. आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा, हा एकच प्रश्न घेऊन: ‘उलट्या होत असतील आणि मी काही पिऊ शकत नसेन, तर कोणती गोळी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची?’ उत्तर कागदावर हवं. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर तोच प्रश्न त्यांच्याबद्दलही.

त्यांना प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू आहे का हेही विचारा. प्रोमेथाझिनसारख्या औषधाने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. माझ्याकडे असा एक प्रवासी आला होता; १० तास लघवी अडलेली, पोट दगडासारखं, वेदनेने रडत होता. जमिनीवर नळी घातली की दोन मिनिटांत सुटका. समुद्रावर ती कोण घालणार?

छातीचं दुखणं मी वेगळं सांगते, कारण आपल्याकडे ते ‘पित्त’ या नावाखाली तासन्‌तास लपतं. या वयात छातीवर दाब, घाम, जबडा किंवा हात भरून येणं, यापैकी काहीही झालं तर दोर ओढणं तिथेच थांबवा. पाठीला टेकू देऊन बसवा, ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या, आणि लगेच मदत मागा. पित्ताचं औषध देऊन ‘बघू अर्धा तास’ म्हणायचं नाही.

मोठ्या इजांपैकी या मार्गावर मला सर्वांत भीती वाटते ती बूमची, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याची. जानेवारीत दुपारनंतर वायव्येचा वारा पाठीमागून असतो, तुम्ही शीड पूर्ण बाहेर सोडून पळत असता. रात्री तो वारा पडतो आणि पहाटेकडे जमिनीवरून मतलई सुटते. या अदलाबदलीत, लाटेवर बोट डोलताना, शीड अचानक दुसऱ्या बाजूला जातं आणि तो दांडा डोक्याच्या उंचीवरून फिरतो. नेमकी तेव्हा नवख्याची वॉच असते आणि तो थकलेला असतो. बूम अशी फिरू नये म्हणून तिला प्रिव्हेंटरचा दोर बांधून ठेवणं हा माझ्या मते प्रथमोपचाराच्या पेटीचाच भाग आहे.

तरीही डोक्याला लागलंच तर: टाळू फाटली की रक्त खूप येतं, घाबरू नका, स्वच्छ कापडाने १५ मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. रक्तापेक्षा माणसाकडे लक्ष द्या. क्षणभर तरी शुद्ध गेली होती का, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो का, डोकेदुखी वाढते का, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते का, जागं करायला जड जातं का? आणि उलटी. समुद्रावर इथेच फसगत होते, कारण उलटी दिसली की सगळे म्हणतात बोट लागली. ज्याला मार लागण्याआधी काही होत नव्हतं आणि नंतर ओकायला लागला, त्याला बोट लागलेली नाही असंच धरा आणि बंदराकडे वळा. ही लक्षणं नसतील तर झोपू द्या, पण दर तासाला उठवून नाव, बोटीचं नाव, कुठे चाललोय हे विचारा आणि वेळेसह वहीत लिहा. रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला मार लागला तर लक्षणांची वाट बघू नका.

भाजण्याचं थोडक्यात. चड्डीवर, उघड्या पायांनी स्वयंपाक करू नका. पावसाळी पँट घाला. पातेलं अर्धंच भरा. झाकण घट्ट बसणारा प्रेशर कुकर बोटीवर सोन्यासारखा, घरून शिजवलेली खिचडी त्यातच गरम करा. भाजलं तर २० मिनिटं पाणी, सलग २० मिनिटं. गोडं पाणी जपायचं असेल तर आधी बादलीने समुद्राचं ओता आणि शेवटी गोड्याने धुवा. टूथपेस्ट, हळद, बर्फ, यातलं काही नको. वरून स्वयंपाकघरातली स्वच्छ प्लास्टिक फिल्म सैल झाका.

बोटं विंचमध्ये, म्हणजे दोर ओढायच्या रहाटात, जातात. अंगठ्या, कडी, मनगटाचे दोरे किनाऱ्यावर काढून ठेवा. गळ टाकणार असाल तर शिंगाळा या काटेरी माशापासून सावध. त्याचा काटा लागला की असह्य कळ येते. भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवला की उतरते. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. समुद्राच्या पाण्यातली जखम लवकर चिघळते, तेव्हा धनुर्वाताच्या लशीला १० वर्षं झाली असतील तर निघण्याआधीच घ्या. पोट साफ न होणं हाही बोटीवरचा खरा त्रास आहे: लोक संडासाला लाजतात, पाणी कमी पितात आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखी सुरू होते. इसबगोल घ्या.

झोपेला मी औषध मानते. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. चौघांत एक अनुभवी आणि एक नवखा अशा दोन जोड्या करा, रात्री ३ तासांची वॉच, आणि पहिल्या संध्याकाळपासूनच. पहिल्या रात्री उत्साहात चौघेही वर बसून राहतात आणि दुसऱ्या रात्री, वेंगुर्ल्याच्या आसपास, चौघेही निकामी होतात. ज्याची वॉच नाही त्याने झोप आली नाही तरी आडवं व्हायचं. आणि जो एकाएकी गप्प झालाय त्याच्याकडे जाऊन बसा. तो घाबरलेला असतो किंवा आजारी पडत असतो, आणि दोन्ही तो स्वतःहून सांगत नाही.

मदत मागायची साधनं. किनाऱ्यापासून ८-१० मैलांपलीकडे मोबाइलची रेंज तुटक होते. जवळून गेलात तर फोन लागतो पण मच्छीमारांची जाळी आडवी येतात. लांबून गेलात तर जाळी कमी, फोन नाही. हे बोट, चंद्र आणि तुमच्या नजरेवर ठरवा. व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बोलायचा बिनतारी संच) मात्र हवाच, अँटेना डोलकाठीच्या टोकावर. हातातल्या सेटचा पल्ला फार थोडा. चॅनल १६, जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’, तातडीचं आजारपण असेल तर ‘पॅन-पॅन’. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. बोलण्याआधी लिहून काढा: बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, रुग्णाचं वय, काय झालं, किती वाजता, शुद्ध, श्वास, नाडी, रोजची औषधं, आतापर्यंत काय दिलं. कोणी परदेशातून सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेज पाठवणारं छोटं यंत्र आणायचा सल्ला देईल. परवान्याशिवाय ते भारतात बाळगणं गुन्हा आहे. त्याऐवजी नोंदणी केलेलं ४०६ मेगाहर्ट्‌झचं ईपीआयआरबी, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत तुमचं ठिकाण कळवणारं यंत्र, घ्या.

ही साधनं कुठे ठेवायची ते भारतीय नौदलाचे तेव्हाचे अधिकारी कमांडर अभिलाष टॉमी यांच्या अनुभवावरून शिकावं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगाला फेरी मारायच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत, सप्टेंबर महिन्यात, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. ते बिछान्यातून उठू शकत नव्हते, पाणी पोटात ठरत नव्हतं. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. त्यांच्या त्रोटक संदेशांत हेही होतं, की आणीबाणीच्या पिशवीपर्यंत पोहोचणं अवघड जातंय. इतका कसलेला नौसैनिक, आणि पिशवी काही फुटांवर. तुमची पिशवी, रेडिओ आणि पाण्याची एक बाटली बिछान्यावर पडलेल्या, एकच हात चालणाऱ्या माणसाला घेता येईल अशा जागी बांधा. किनाऱ्यावर असतानाच एकाला आडवं करून हे करून बघा.

आता पेटी. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात: ओआरएसची २० पाकिटं, बोट लागण्याच्या घरी पारखलेल्या गोळ्या, पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, सेटिरिझिन, पित्ताचं औषध, इसबगोल, पोव्हिडोन आयोडिन, भरपूर निर्जंतुक गॉज, ७-८ रुंद क्रेप बँडेज, चिकटपट्टी, त्रिकोणी पट्ट्या, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे, थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, हेडलॅम्प, जास्तीचे चष्मे आणि प्रत्येकाची रोजची औषधं दुप्पट, दोन वेगळ्या जागी. प्रतिजैविकं तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि कधी द्यायची हे लिहून घेऊन. टाके घालायचं सामान नको. शिकलेला हात नसेल तर जखम बंद करण्यापेक्षा स्वच्छ धुऊन झाकलेली बरी. गोव्याहून पुढे लक्षद्वीपला जायचा विचार असेल तर ही यादी पुरणार नाही. तेव्हा वेगळं प्रशिक्षण आणि रेडिओवरून वैद्यकीय सल्ल्याची सोय लागेल. रोममधली सी.आय.आर.एम. ही संस्था १९३५ पासून सगळ्या देशांच्या जहाजांना तो सल्ला मोफत देते.

शेवटचं: बोट आत वळवायचा निर्णय कोणाचा, हे मुंबईतच ठरवा, आणि तो कप्तानच आजारी पडला तर कोणाचा, हेही. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड या ठिकाणी शिरायचा मार्ग, भरतीच्या वेळा आणि तिथल्या एका माणसाचा फोन नंबर कागदावर हवा. आजारी माणसाला ‘वळू का?’ असं विचारू नका. तो नाहीच म्हणतो. आमच्या एका प्रवासात २६ वर्षांचा नवखा मुलगा १३ तास ओकत होता आणि प्रत्येक उलटीनंतर ‘माझ्यामुळे थांबू नका’ म्हणत होता. आम्ही जयगडच्या खाडीत शिरलो. नांगर पडला, बोट स्थिर झाली, अर्ध्या तासात ओआरएस पोटात राहू लागलं, चार तासांनी त्याला लघवी झाली, संध्याकाळी त्याने मऊ भात खाल्ला आणि रात्रभर झोपला. पहाटे मतलईवर निघालो तेव्हा पहिली वॉच त्याने मागून घेतली.